डोळे मिटायला सांगण्याआधी

माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा, वर्ग बहुतेक वेळा एकाच सूचनेने सुरू होतो: पाठ ताठ ठेवा, खांदे सैल सोडा, डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या. ज्याच्या आयुष्यात रस्त्यावरची वर्दळ आणि ऑफिसातली कटकट एवढाच गोंगाट आहे, त्याला ही सूचना सुखाची वाटते. पण दाराकडे पाठ करून बसायचे नाही, थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद करायचे नाही आणि दुरून येणारी मोटारसायकल आवाजावरून ओळखायची, अशा सवयींवर ज्याने गेली काही वर्षे जीव राखला आहे, त्याला डोळे मिटायला सांगणे म्हणजे आंधळ्याच्या हातातली काठी काढून घेणे आहे. खोलीत वीस जण बसलेले असतात, प्रशिक्षक मृदू आवाजात बोलत असतो आणि शेवटच्या रांगेतला तो माणूस पापण्या अर्धवट मिटून खिडकीकडे पाहत असतो. प्रशिक्षकाच्या टिपणवहीत त्याच्या नावापुढे ‘सहभाग कमी’ अशी नोंद पडते.

संघर्षग्रस्त प्रदेशांत नद्या, जंगले, कुरणे आणि विहिरी यांच्या आधाराने शांतता उभी करू पाहणाऱ्या कार्यकर्त्यांना सजगतेचे प्रशिक्षण द्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘द्यावे’ असेच आहे. मात्र त्यांना अधिक सोसता यावे या हेतूने ते देऊ नये. समोर काय घडते आहे ते त्यांना अधिक नेमके दिसावे आणि वेळ आली तर ‘मी जाणार नाही’ असे म्हणता यावे, यासाठी ते द्यावे. वरवर पाहता या दोन हेतूंत फारसे अंतर वाटत नाही. पण प्रशिक्षण कधी द्यायचे, कोणाच्या पैशाने द्यायचे, त्यात काय शिकवायचे आणि ते जमले की फसले हे कशावरून ओळखायचे, या सगळ्यांची उत्तरे हेतू बदलला की बदलतात.

पर्यावरणीय शांतताकार्य हा शब्द मराठीत अजून रुळलेला नाही, पण त्यामागचा विचार अवघड नाही. एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसलेल्या दोन समाजांनाही पाणी एकाच नदीतून घ्यावे लागते, आणि सांडपाणीही दोघे तिच्यातच सोडत असतात. १९९४ साली जॉर्डन, पॅलेस्टाईन आणि इस्रायल या तिन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांनी मिळून ‘इकोपीस’ ही संस्था उभी केली आणि २००१ पासून, पाण्याचे स्रोत सामायिक असलेल्या शेजारगावांना जोडणारा ‘गुड वॉटर नेबर्स’ हा उपक्रम चालवला. जॉर्डन नदीच्या खालच्या टप्प्यातून एके काळी वर्षाला सुमारे १.३ अब्ज घनमीटर पाणी मृत समुद्राला मिळत असे. आज त्याचा दहावा हिस्साही उरलेला नाही, आणि मृत समुद्राची पातळी दर वर्षी सुमारे एक मीटरने खाली जाते आहे. जिथे सीमारेषा आणि इतिहास यांवर एक वाक्यसुद्धा एकमताने लिहिता येत नाही, तिथे घनमीटरांवर निदान बोलणे तरी सुरू होते.

सुदानमध्ये उत्तर दारफूरच्या वादी अल् कू या ओढ्याच्या खोऱ्यात संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने हाच धागा धरला होता. पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या त्या ओढ्यावर बंधारे घालून पुराचे पाणी शेतांवर पसरवायचे, आणि पाण्याचे व जमिनीचे निर्णय खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी आणि पशुपालकांनी एकत्र बसून घ्यायचे, अशी ती रचना होती. एप्रिल २०२३ मध्ये सुदान पुन्हा युद्धात लोटला गेला, पुढच्या वर्षी उत्तर दारफूरची राजधानी अल् फाशर हिला वेढा पडला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते शहर सरकारी सैन्याशी लढणाऱ्या निमलष्करी दलाच्या हाती गेले. बंधाऱ्याच्या जागेवरून तासन् तास वाद घालून एका टेबलावर आलेली माणसे आता कुठे असतील, हा विचार त्या खोऱ्यात काम केलेल्या कोणाच्याही मनातून सहज जाणारा नाही.

अशा कामाची गरज किती आहे, याबद्दल फारसा वाद नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००९ च्या अहवालाने असे दाखवले होते की त्याआधीच्या साठ वर्षांतल्या देशांतर्गत संघर्षांपैकी किमान ४० टक्के संघर्षांचा नैसर्गिक संसाधनांशी संबंध होता, आणि असे संघर्ष थांबल्यानंतर पहिल्या पाच वर्षांत पुन्हा पेटण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट होती. कोलंबियाचा अनुभव आणखी उलटा आहे. २०१६ साली तिथले सरकार आणि फार्क ही बंडखोर संघटना यांच्यात शांतता करार झाला, बंडखोर जंगलातून बाहेर पडले आणि त्यांनी मोकळ्या केलेल्या जंगलात जमीन बळकावणारे घुसले. २०१७ या एका वर्षात देशभरात सुमारे २ लाख २० हजार हेक्टर जंगल तुटले. बंदुका खाली ठेवल्या गेल्या तेव्हा पर्यावरण कार्यकर्त्यांचा धोका वाढला, ही गोष्ट शांततेची नेहमीची चित्रे मनात धरून बसलेल्यांना पटकन उमगत नाही. ‘ग्लोबल विटनेस’ या संस्थेच्या नोंदींनुसार २०१२ ते २०२३ या काळात जगभरात जमीन आणि पर्यावरण यांचे रक्षण करणारे किमान २,१०६ लोक मारले गेले. त्यांपैकी २०२३ मधले १९६ आणि त्यातले ७९ एकट्या कोलंबियातले. काँगोच्या विरुंगा या १९२५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाने आजवर दोनशेहून अधिक वनरक्षक गमावले आहेत. एप्रिल २०२० मधल्या एकाच हल्ल्यात बारा वनरक्षक गेले.

या माणसांवरचा ताण युद्धक्षेत्रातल्या डॉक्टरच्या किंवा मदत वाटणाऱ्याच्या ताणाशी मिळताजुळता असला, तरी तो अगदी तसा नाही, आणि कोणतेही प्रशिक्षण आखण्याआधी हा फरक समजून घ्यायला हवा. डॉक्टरला निदान एवढे कळते की समोरचा रुग्ण वाचला की गेला. पाणलोटावर काम करणाऱ्याला आपल्या कामाचे फळ दहा-वीस वर्षे दिसत नाही, आणि ते दिसण्याच्या आत एका रात्रीत कोणीतरी पंप उचलून नेतो किंवा रोपवाटिका जाळतो. इराकमधल्या दलदली १९९०च्या दशकात सद्दाम हुसेनच्या राजवटीने कोरड्या पाडल्या. २००३ मध्ये ती राजवट कोसळल्यावर स्थानिकांनी बांध फोडून पाणी परत आणले, २०१६ मध्ये त्या दलदलींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि त्यानंतर काही वर्षांतच दुष्काळ आणि नद्यांच्या वरच्या अंगाला अडवलेले पाणी यांमुळे तिथल्या म्हशी पुन्हा भेगाळलेल्या चिखलात उभ्या राहिल्या. असे एकदा जिंकून पुन्हा हरणे माणसाला कुठे नेते, याचे मोजमाप प्रकल्प-अहवालाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की मध्यस्थ दोन्ही बाजूंना थोडा थोडा परका असतो. पलीकडच्यांना तो शत्रूच्या जातकुळीतला वाटतो आणि स्वतःच्या लोकांना शत्रूच्या पंगतीला बसणारा. संध्याकाळी घरी आल्यावर त्याची बहीणच त्याला विचारते की आज त्यांच्याबरोबर चहा घेतलास का. या प्रश्नातला टोमणा त्याला रोज गिळावा लागतो, आणि गोळीबाराच्या भीतीबद्दल जेवढे बोलले जाते त्याच्या शतांशही या टोमण्याबद्दल बोलले जात नाही. शिवाय हे काम करणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या प्रदेशातलेच असतात. प्रकल्प संपला की परदेशी सल्लागार विमानाने निघून जातो. स्थानिक समन्वयकाला मात्र त्याच बाजारातून भाजी आणायची असते, आणि पूर्ण न झालेल्या आश्वासनांचा जाब त्यालाच द्यायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागांत राहणाऱ्या दर पाच माणसांमागे एकाहून थोड्या जास्त जणांना, म्हणजे सुमारे २२ टक्के लोकांना, कोणता ना कोणता मानसिक आजार असतो. कार्यकर्ते याच लोकसंख्येतून येतात. ते मदतनीस असले म्हणून त्यांना त्यातून सूट मिळत नाही.

आता सजगता इथे नेमके काय करू शकते ते पाहायचे, तर तत्त्वज्ञान बाजूला ठेवून एक बैठक डोळ्यांपुढे आणावी लागेल. उन्हाळा संपत आलेला आहे, तळ्यात गुडघाभर पाणी उरले आहे आणि शेतकरी व पशुपालक यांचे दहा-बारा प्रतिनिधी एका झाडाखाली बसले आहेत. बैठक चालवणारा तरुण शेतकरी समाजातला आहे. अर्धा तास बरे चालते. मग पशुपालकांमधला एक म्हातारा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो, “आमची गुरे मारली तेव्हा हा कुठे होता? याचेच लोक होते ते.” तरुणाचे कान तापतात, जबडा आवळतो, पेन धरलेली बोटे पांढरी पडतात. उत्तर जिभेवर तयार असते. त्याच वर्षी त्याच्या काकांचे शेत याच म्हाताऱ्याच्या लोकांनी चारून टाकलेले असते. दुभाष्या दोघांकडे आळीपाळीने बघत थांबतो. या तीन-चार सेकंदांत बैठक मोडू शकते. तरुणाला त्या क्षणी आपले कान तापल्याचे कळले, तर जिभेवरचे उत्तर निदान एका श्वासापुरते मागे राहते. तो म्हणतो, “हे पुन्हा सांगा, मला नीट लिहून घ्यायचे आहे. किती गुरे होती आणि कोणत्या वाटेवर?” म्हातारा आकडा सांगतो, वाट सांगतो, आणि बोलता बोलता असे निघते की ती गुरांची पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट दोन वर्षांपूर्वी नांगरली गेली होती. बैठक जी गोष्ट सोडवण्यासाठी बोलावली होती ती तोवर कोणी उच्चारलीच नव्हती.

त्या श्वासात तरुणाचा राग गेलेला नाही आणि तो जावा अशी अपेक्षाही चुकीची ठरेल. गवंडी भिंत उचलताना पाणसळीतला बुडबुडा पाहतो, कारण डोळ्याला सरळ वाटणारी भिंत कललेली असू शकते. मध्यस्थालाही स्वतःच्या कलाची अशीच खबर हवी असते. सजगतेच्या सरावाचा माझ्या मते एवढाच आणि एवढा मोठा उपयोग आहे. तो सद्गुण मानला की त्याच्याभोवती उपदेश जमा होतो, म्हणून मी त्याला कसब मानतो. कसब शिकवता येते, विसरले जाते, सरावाने परत येते आणि ते अंगी नसलेल्या माणसाला कोणी पापी म्हणत नाही.

‘आतली शांतता आली की बाहेरची आपोआप येते’ हे वाक्य मला म्हणूनच नेहमी खटकते. तळ्यात गुडघाभर पाणी असेल तर झाडाखालचे बाराही जण कितीही शांत असले तरी ते गुडघाभरच राहते. कोणाची गुरे आधी, कोणाचे शेत नंतर, पंपाचे डिझेल कोणी भरायचे आणि मोडलेल्या कराराचा दंड काय, हे ठरवावेच लागते, आणि ते ठरवायला मोजमाप, कायदा, पैसा आणि कधी कधी हमी देणारे तिसरे बळ लागते. सजग मध्यस्थ ही वाटाघाट कमी चुका करत पुढे नेतो. वाटाघाटीच्या जागी तो काही देऊ शकत नाही.

संशोधन काय सांगते? सजगतेचे जे रूप आज जगभर शिकवले जाते ते १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातून आले, आणि तो मुळात जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी होता. २०१४ मध्ये ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यांत ३,५१५ जण सहभागी होते. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम प्रतीचा पुरावा असलेली थोडी सुधारणा दिसली, पण व्यायाम किंवा औषधे यांसारख्या इतर उपायांहून ध्यान सरस ठरल्याचे दिसले नाही. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तर वर्गात सरसकट शिकवलेल्या सजगतेचा नेहमीच्या शिक्षणापेक्षा काहीच अधिक लाभ आढळला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. न मागता सर्वांना वाटलेल्या गोष्टीचे बहुधा असेच होते.

आपल्या विषयाला याहून जवळची चाचणी युगांडातली आहे. दक्षिण सुदानमधून पळून आलेल्या निर्वासित स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने एक अभ्यासक्रम तयार केला. दोन-दोन तासांची पाच सत्रे, एका गटात तीसपर्यंत स्त्रिया, सूचना आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या, सोबत चित्रांची पुस्तिका आणि चालवायला तज्ज्ञ मानसोपचारकाची गरज नाही. पाय जमिनीला टेकलेले जाणवणे, मनातल्या वादळाला नाव देणे, त्याच्याशी झटापट न करता हातातल्या कामाकडे परत येणे, असे साधे सराव त्यात होते. सुमारे सातशे स्त्रियांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले तेव्हा तीन महिन्यांनंतरही त्यांच्या मानसिक त्रासात घट टिकलेली दिसली. परिणाम अफाट नव्हता, पण तो निर्वासितांच्या छावणीत, अल्प खर्चात आणि स्थानिक भाषेत मिळालेला होता, आणि डोंगरावरच्या निवांत विश्रामगृहात आठवडाभर नेऊन मिळवलेल्या शांततेपेक्षा माझ्या लेखी त्याचे मोल जास्त आहे. इस्रायलमध्ये झालेला एक छोटा अभ्यासही इथे आठवतो: आठ आठवड्यांच्या सजगतेच्या कार्यशाळेनंतर सहभागी ज्यू इस्रायली नागरिकांच्या नकारात्मक भावना कमी झाल्या आणि पॅलेस्टिनींशी तडजोड करण्याला त्यांचा पाठिंबा वाढला, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात नोंदले होते. त्यावरून मोठे निष्कर्ष काढणे घाईचे होईल. शिवाय तो अभ्यास सामान्य नागरिकांचा होता, झाडाखाली बसणाऱ्या मध्यस्थांचा नव्हता.

दुसऱ्या बाजूला एक असा निष्कर्ष आहे जो या क्षेत्रातल्या प्रत्येकाने अस्वस्थ होऊन वाचावा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ प्रयोगांच्या एका मालिकेत, एकूण चौदाशेहून अधिक सहभागींवर असे दिसले की श्वासावरच्या ध्यानाने माणसाची अपराधाची टोचणी कमी होते आणि ज्याचे आपण नुकसान केले त्याची भरपाई करण्याची इच्छाही तिच्याबरोबर ओसरते. इतरांविषयी सद्भावना जोपासणाऱ्या ध्यानाने मात्र तसे झाले नाही. शांतताकार्यात अपराधभाव ही अडगळ नसते. तो बहुतेक वेळा करारातले पहिले नाणे असतो. ज्यांनी वहिवाट नांगरली त्यांना जर ध्यानाने हलके वाटू लागले आणि वाट मात्र नांगरलेलीच राहिली, तर त्या हलकेपणाची किंमत पशुपालकांनी मोजलेली असेल. रागाचेही तसेच आहे. केनियात झाडे लावण्याची चळवळ उभी करणाऱ्या वांगारी मथाई यांच्यावर जानेवारी १९९९ मध्ये नैरोबीच्या करुरा जंगलात रोपे लावायला गेल्या असताना हल्ला झाला आणि त्यांच्या डोक्याला जखम झाली. त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो राग विरघळवला असता तर ते जंगल बिल्डरांच्या घशात गेले असते. त्यांना २००४ चे शांततेचे नोबेल मिळाले तेव्हा ते चिडण्याचा हक्क न सोडलेल्या एका चळवळीला मिळाले होते. तेव्हा प्रशिक्षणात राग आणि अपराधभाव यांच्याकडे ‘घालवायच्या भावना’ म्हणून पाहिले जाणार असेल, तर ते न दिलेलेच बरे.

धोका शरीराचाही आहे. ज्याने स्फोट पाहिला आहे त्याला शांत खोलीत शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष न्यायला सांगितले, तर ते लक्ष थेट त्या दिवसावर जाऊन आदळू शकते. काही जणांना श्वासाकडे पाहतानाच गुदमरल्यासारखे होते. सामान्य वर्गातही ध्यानामुळे काहींचा त्रास वाढल्याची उदाहरणे संशोधकांनी नोंदवली आहेत. जिथे आघात अजून भूतकाळात गेलेलाच नाही, तिथे तर याची तयारी आधीच हवी. आघातानंतरचा ताण ही संज्ञा आपण वापरतो, पण या कार्यकर्त्यांपैकी पुष्कळांच्या बाबतीत त्यातला ‘नंतर’ यायचाच आहे. सतत सावध राहणे हे त्यांच्यासाठी लक्षण नाही, ती त्यांची सुरक्षाव्यवस्था आहे, आणि ती बंद करायला शिकवणे हे सरळसरळ बेजबाबदारपणाचे आहे. शिकवायचे असेल तर सावधपणाची धार कुठे उपयोगी आणि कुठे नुसती झोप उडवणारी, यातला भेद ओळखायला शिकवावे.

यावर काही संस्था म्हणतात की हे सारे लाड आहेत, आधी सुरक्षित गाडी आणि सॅटेलाइट फोन द्या. त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. संयुक्त राष्ट्रे आणि इतर मदतसंस्था यांच्यात समन्वय साधणाऱ्या आंतर-संस्था स्थायी समितीने २००७ मध्ये आणीबाणीतल्या मानसिक आरोग्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतल्या प्रसिद्ध पिरॅमिडचा पाया मूलभूत सेवा आणि सुरक्षितता हाच आहे, आणि त्याच दस्तऐवजात स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या व स्वयंसेवकांच्या मनःस्वास्थ्याची जबाबदारी संस्थांवर टाकलेली आहे. पायाच नसताना कळस बसवू नये, हे खरेच. पण पाया घातला की वरचे मजले अनावश्यक ठरतात, असे त्यातून निघत नाही. चांगली गाडी असलेला मध्यस्थही झाडाखालच्या त्या चार सेकंदांत एकटाच असतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. सजगतेचे प्रशिक्षण संस्थांना आवडते, कारण ते स्वस्त आहे, त्याचे फोटो छान येतात आणि त्यासाठी संस्थेला स्वतःचे काहीच बदलावे लागत नाही. समन्वयकाला अकरा महिन्यांचा करार, विमा नाही, धोक्याच्या भागात जाण्याचा भत्ता परदेशी सहकाऱ्याच्या तुलनेत नाममात्र, रजेच्या अर्जावर तीन सह्या. आणि तो करपून गेला की त्याला ‘लवचीकता’ वाढवणारी कार्यशाळा. म्हणजे भार संस्थेने टाकायचा आणि तो पेलता न येण्याचे उत्तर कार्यकर्त्याच्या श्वासात शोधायचे. देणगीदारांचाही यात हात आहे. तीन वर्षांच्या प्रकल्पात वीस वर्षांच्या झाडाचे आणि एका पिढीच्या वैराचे निकाल मागणारी व्यवस्था ज्यांनी घडवली, त्यांनी त्या व्यवस्थेने दमवलेल्यांना शांत बसायला शिकवावे, यातला विनोद त्या कार्यकर्त्यांच्या नजरेतून सुटलेला नसतो. एखाद्या सत्रात त्यांच्यातला कोणी हसला तर प्रशिक्षकाने ते मनाला लावून घेऊ नये.

राज्यांच्या जबाबदारीची आठवणही इथे ठेवायला हवी. लॅटिन अमेरिकेतला एस्काझू करार २२ एप्रिल २०२१ रोजी अमलात आला आणि त्याच्या नवव्या कलमाने पर्यावरण रक्षकांना सुरक्षित वातावरण देणे ही सहभागी राज्यांची बांधिलकी ठरवली. कागदावरची ही बांधिलकी आणि कोलंबियातले आकडे यांत जे अंतर आहे ते वकील, पोलीस आणि न्यायालये यांनी भरून काढायचे आहे. मारेकरी मोकळा फिरत असताना साक्षीदाराला ध्यान शिकवणाऱ्याने निदान त्या खटल्याची तारीख तरी माहीत करून घ्यावी.

मग प्रशिक्षण कसे असावे? डोळे उघडे ठेवून करता येईल असे, चालताना आणि गाडीत बसल्या बसल्या जमेल असे, दोन-तीन मिनिटांत आटोपणारे. श्वास नकोसा वाटणाऱ्याला पायाखालच्या जमिनीकडे, हातातल्या पाण्याच्या बाटलीच्या गारव्याकडे, दूरच्या आवाजाकडे लक्ष नेण्याची मुभा असावी. बैठकीच्या आधी आणि नंतर ते सहकाऱ्यांसोबत करता यावे, कारण एकट्याने घरी रोज पाऊण तास बसण्याची चैन या लोकांना परवडत नाही. दोन बाजूंचे कार्यकर्ते एकाच वर्गात असतील तर घाई करू नये. शत्रुपक्षातल्या माणसाशेजारी मन उघडे करणे ही काही पहिल्या दिवशी मागायची गोष्ट नव्हे, आणि तिथे बोललेले शब्द उद्या गावात पोहोचले तर कोणाचा तरी जीव जाऊ शकतो. यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि न येणाऱ्याची नोंद कुठेही होऊ नये.

भाषेचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. माइंडफुलनेस हा शब्द पालीतल्या ‘सति’चे इंग्रजी रूपांतर आहे आणि ‘सति’ म्हणजे संस्कृतातली ‘स्मृती’. मूळ शब्दात लक्षात ठेवण्याचा, विसरू न देण्याचा अर्थ आहे, जो ‘फक्त वर्तमान क्षणात राहा’ या आजच्या लोकप्रिय सूचनेत पार हरवला आहे. ज्या समाजाने माणसे, गावे आणि वाटा गमावल्या आहेत त्याला भूतकाळ सोडून वर्तमानात या असे सांगणे उद्धटपणाचे ठरते. त्याउलट, जे घडले ते स्मरणात ठेवूनही या क्षणी ते आपल्याला कुठे ओढते आहे याचे भान ठेवा, हे म्हणणे त्याला कळते आणि पटते. प्रत्येक भाषेत या भानासाठी काही ना काही शब्द असतो, प्रार्थनेत, गुरे राखण्यात, शिकारीत, बाळ निजवण्यात. आयात केलेला शब्द पाठ करून घेण्याआधी प्रशिक्षकाने तो विचारून घ्यावा. कोणाच्या धर्मश्रद्धेला हे ध्यान परके वाटले तर तिथेच थांबावे, त्याची समजूत घालत बसू नये.

राहता राहिले यशाचे मोजमाप. प्रशिक्षण संपताना जो फॉर्म भरून घेतात त्यात ‘आता तुम्हाला किती शांत वाटते’ असा प्रश्न असतो आणि एक ते पाच यांपैकी एका आकड्याला गोल करायचा असतो. चहा झालेला असतो, परतीची गाडी बाहेर उभी असते, बहुतेक जण चारला गोल करतात. मी तो फॉर्म रद्द करून सहा महिन्यांनी दुसरा पाठवीन, आणि तो कार्यकर्त्यांइतकाच संस्थेच्या प्रमुखालाही भरायला लावीन. या सहा महिन्यांत किती वेळा कोणी ‘परिस्थिती ठीक वाटत नाही, आज मी जाणार नाही’ असे कळवले? ते ऐकून घेणारा फोन कोणी उचलला? किती बैठका मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी घेतल्या गेल्या, आणि ती थांबवण्याची मुभा बैठक चालवणाऱ्याला होती का? न गेलेल्या दिवसाचा पगार कापला का, आणि ज्याने नकार दिला होता त्याच्या कराराचे वर्षअखेरीस काय झाले?